रेड रॉक कॅन्यनची डांबरी फेरी सायकलवरून : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लास वेगासला कामासाठी, मुलांकडे किंवा सहलीला येणाऱ्या मराठी मंडळींत सायकलचं वेड असलेली माणसं बरीच असतात. शहराच्या पश्चिमेला तांबड्या कड्यांमधून जाणाऱ्या या रस्त्याबद्दल ती हमखास विचारतात. त्यांचे प्रश्न आणि माझी उत्तरं इथे एकत्र केली आहेत. सगळ्या उत्तरांमागे माझं म्हणणं एकच आहे : रस्ता सोपा आहे, जागा सोपी नाही. डांबर गुळगुळीत आहे म्हणून वाळवंटाला गृहीत धरू नका, आणि वाळवंटाच्या धाकाने हा रस्ता सोडूही नका.

हा रस्ता नेमका कुठे आणि केवढा आहे?

अमेरिकेच्या नेवाडा राज्यात, मोहावी वाळवंटात. लास वेगासच्या स्ट्रिपपासून, म्हणजे हॉटेलं आणि कॅसिनो असलेल्या मुख्य रस्त्यापासून, पश्चिमेला सुमारे २७ किलोमीटर गेलं की रेड रॉक कॅन्यन लागतं. १९९० मध्ये त्याला राष्ट्रीय संवर्धन क्षेत्राचा दर्जा मिळाला. नेवाडातलं हे असं पहिलंच क्षेत्र. कारभार ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट या केंद्र सरकारच्या खात्याकडे आहे. आतला डांबरी रस्ता १३ मैलांचा, म्हणजे २१ किलोमीटरचा. त्याला सीनिक ड्राइव्ह म्हणतात. वाहतूक एकेरी, घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने.

फेरी म्हटलं तरी सीनिक ड्राइव्ह स्वतःपाशी परत येत नाही. रस्ता बाहेर पडतो ती जागा प्रवेशद्वारापासून साधारण दोन मैलांवर, स्टेट रूट १५९ या महामार्गावर आहे. तेवढा महामार्ग चालवून आलात की वर्तुळ पुरं होतं. सगळं मिळून २४-२५ किलोमीटर धरा.

सायकलला आत सोडतात का? आधी आरक्षण लागतं का?

सोडतात, आणि आनंदाने सोडतात. १ ऑक्टोबर ते ३१ मे या काळात सकाळी ८ ते संध्याकाळी ५ दरम्यान आत येणाऱ्या मोटारींना आधी ऑनलाइन वेळ राखून ठेवावी लागते. सायकलवरून येणाऱ्याला ती लागत नाही. शुल्क मात्र आहे : कारला दिवसाचे २० डॉलर, सायकलला ८. अमेरिकेतल्या केंद्रीय उद्यानांचा ‘अमेरिका द ब्युटिफुल’ हा वार्षिक पास इथेही चालतो. दर आणि नियम अधूनमधून बदलतात, म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी सरकारी संकेतस्थळ एकदा पाहून घ्या.

एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. सायकल गाडीच्या मागच्या रॅकवर लावून आत जाणार असाल, तर नियम गाडीचा लागतो. मग आरक्षणही आलं आणि गाडीचं शुल्कही आलं.

दार कधी उघडतं?

वर्षभर सकाळी ६ वाजता. बंद होण्याची वेळ ऋतूनुसार बदलते : नोव्हेंबर ते फेब्रुवारी संध्याकाळी ५, मार्चमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये ७, एप्रिल ते सप्टेंबर ८. त्या वेळेपर्यंत बाहेर पडलेलं असावं लागतं. हिवाळ्यात दुपारी तीन वाजता सुरुवात करून ‘बघू, होईल’ म्हणू नका. कड्यांच्या पायथ्याशी सावली लवकर उतरते आणि तिच्याबरोबर थंडीही.

चढ किती आहे? मला झेपेल का?

सुरुवातीचे सुमारे आठ किलोमीटर बहुतेक चढच आहे. हाय पॉइंट ओव्हरलुक हा रस्त्यावरचा सर्वांत उंच थांबा ४,७७१ फुटांवर, म्हणजे सुमारे १,४५० मीटरवर आहे. प्रवेशद्वारापासून तिथपर्यंत अंदाजे ३०० मीटर उंची चढावी लागते. सरासरी काढली तर चढ चार टक्क्यांच्या आत येतो, पण रस्ता सरासरीने चढत नाही. मध्ये सपाटी येते, एखादा छोटा उतार येतो आणि मग त्याची भरपाई करणारा तुकडा येतो. पुण्याहून सिंहगडाचा डांबरी घाट चढणाऱ्यांना उंचीच्या हिशेबात हा साधारण निम्मा चढ वाटेल, आणि इथली वळणंही तितकी अंगावर येणारी नाहीत.

आठवड्यातून दोनदा वीस-पंचवीस किलोमीटर सायकल चालवणाऱ्या कुणालाही ही फेरी जमते. धाप लागते ती बहुतेक वेळा जोर लावण्याच्या घाईमुळे. कॅलिको टेकड्यांच्या पहिल्या थांब्यापर्यंत मुद्दाम हळू जा, हलक्या गिअरवर पाय फिरत ठेवा. हवा इतकी कोरडी असते की तोंडाने श्वास घेतला की घसा लगेच सुकतो. वेग कमी ठेवला तर नाकाने श्वास घेता येतो आणि बराच फरक पडतो.

हाय पॉइंटनंतर लांब उतार आहे. पण ‘आता घरापर्यंत उतारच’ असं समजू नका. कोरडे ओढे ओलांडताना रस्ता खाली जाऊन पुन्हा वर येतो, आणि शेवटी महामार्गावरही चढ आहे.

एकूण वेळ किती लागेल?

न थांबता गेलात तर दीड ते दोन तास. पण न थांबता जाण्यासाठी इतक्या लांब येऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. तीन ते चार तास हाताशी ठेवा.

कोणता महिना चांगला? उन्हाळ्यात गेलं तर?

ऑक्टोबर, नोव्हेंबर, मार्च आणि एप्रिल. या चार महिन्यांत दिवसा सायकल चालवायला सुख वाटतं. मार्च-एप्रिलमध्ये पाऊसपाणी बरं झालेलं असेल तर रस्त्याच्या कडेला रानफुलंही असतात. वसंतात वारा मात्र फार सुटतो. उघड्या माळावर आडवा वारा आला की सायकल अक्षरशः ढकलली जाते, म्हणून अंदाज पाहताना तापमानाच्या शेजारी लिहिलेला वाऱ्याचा वेगही वाचा.

डिसेंबर-जानेवारीत सकाळी तापमान शून्याच्या आसपास असतं. चढताना घाम येतो आणि हाय पॉइंटवरून उतरताना तोच घाम अंगावर गार पडतो. एक पातळ विंडचीटर आणि पूर्ण बोटांचे हातमोजे खिशात असले की काम भागतं. बोटं बधिर झाली तर ब्रेक नीट दाबता येत नाहीत, म्हणून हातमोज्यांना मी हेल्मेटइतकंच महत्त्व देतो.

आता उन्हाळा. जुलै-ऑगस्टमध्ये लास वेगासमध्ये दुपारचं तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाणं ही नेहमीची गोष्ट आहे. ७ जुलै २०२४ रोजी शहरात १२० फॅरनहाइटची, म्हणजे जवळपास ४९ अंश सेल्सिअसची नोंद झाली. तो तिथला आजवरचा उच्चांक. कॅन्यन उंचावर असल्यामुळे चार-पाच अंशांचा दिलासा मिळतो, त्याहून जास्त नाही. रस्त्यावर सावली जवळजवळ नाहीच. उन्हाळ्यातच जायचं असेल तर सहाला दार उघडताना दारात हजर राहा आणि नऊच्या आत बाहेर पडा. ते जमणार नसेल तर त्या दिवशी बेत रद्द करा. आपल्याकडे विदर्भातला मे महिना काढलेली माणसं ‘आम्हाला उन्हाची सवय आहे’ म्हणतात. त्या सवयीचा थोडा उपयोग होतो हे खरं, पण विदर्भात दुपारी बाराला कुणी घाट चढायला निघत नाही.

जुलै ते सप्टेंबर हा इथल्या वळवाच्या पावसाचाही काळ. आपल्या डोक्यावर आभाळ निरभ्र असतं, डोंगरात कुठेतरी ढग फुटतो आणि कोरड्या ओढ्यातून गढूळ पाण्याचा लोंढा येतो. रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर ते ओलांडू नका, कितीही उथळ दिसलं तरी. थांबा, उंचावर जा, ओसरू द्या.

पाणी किती न्यावं? वाटेत मिळतं का?

प्रवेशद्वाराजवळच्या व्हिजिटर सेंटरमध्ये मिळतं. त्यानंतर संपूर्ण फेरीत पिण्याचं पाणी नाही. काही थांब्यांवर स्वच्छतागृहं आहेत, पण ती कोरडी, नळ नाहीत.

थंडीच्या दिवसांत माणशी दोन लिटर, इतर वेळी किमान तीन. सायकलच्या दोन बाटल्यांत जेमतेम दीड लिटर मावतं, म्हणून पाठीवर पाण्याची पिशवी घ्या. तहान लागली की पिऊ, हा हिशेब इथे चालत नाही. कोरड्या हवेत घाम येतो तसा उडून जातो. कपडे ओले होत नाहीत, कपाळावरून थेंब ओघळत नाही, आणि आपल्याला घाम आलाच नाही असं वाटतं. मग घरी येऊन पाहावं तर टोपीवर आणि हेल्मेटच्या पट्ट्यावर मिठाचे पांढरे डाग पडलेले. दर पंधरा मिनिटांनी दोन-तीन घोट, तहान असो वा नसो. नुसतं पाणी पोटात डुचमळतं, म्हणून एका बाटलीत मीठ-साखर-लिंबू घाला. सोबत शेंगदाण्याची चिक्की, खजूर किंवा तिखटमिठाचे दाणे. चॉकलेट वितळतं.

डोकं दुखायला लागलं, मळमळलं किंवा अंगावर शहारे आले तर सायकल आडवी करा, मिळेल त्या दगडाच्या सावलीत बसा आणि येणाऱ्या गाडीला हात दाखवून मदत मागा. त्या अवस्थेत ‘थोडंच राहिलंय’ म्हणून पॅडल मारत राहणं धोक्याचं आहे.

भारतातून आल्यावर अमेरिकेतल्या रस्त्यावर सायकल चालवताना काय वेगळं असतं?

दोन गोष्टी. पहिली सगळ्यांना माहीत असते : इथे वाहतूक उजव्या बाजूने चालते. सीनिक ड्राइव्ह एकेरी असल्यामुळे समोरून कुणी येत नाही, पण तुम्ही उजव्या कडेला राहायचं आणि गाड्या डावीकडून पुढे जाणार. मागे वळून पाहायचं ते डाव्या खांद्यावरून. आपली मान सवयीने उजवीकडे वळते. हॉटेलच्या पार्किंगमध्ये दहा मिनिटं हीच एक गोष्ट घोटवून घ्या.

दुसरी गोष्ट ब्रेकची, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. भारतात सायकलचा उजवा ब्रेक सहसा पुढच्या चाकाचा असतो आणि डावा मागच्या. अमेरिकेत नेमकं उलटं : डावा पुढचा, उजवा मागचा. हाय पॉइंटच्या उतारावर, भरधाव वेगात, समोर वळण आल्यावर हात विचार न करता जो ब्रेक दाबतो तो आयुष्यभराच्या सवयीचा असतो. आपण मागचा समजून डावा कचकन दाबायचा आणि पुढचं चाक जागच्या जागी धरलं जायचं, हा प्रकार हाड मोडणारा आहे. सायकल भाड्याने घेतल्याबरोबर उभ्या-उभ्या दोन्ही ब्रेक दाबून पाहा, मग मोकळ्या जागेत हळू वेगात थांबून-सुटून सराव करा. पाहिजे तर डाव्या ब्रेकला रंगीत चिकटपट्टी गुंडाळा. चढावर दर थोड्या वेळाने मनात म्हणा : डावा पुढचा. उतार सुरू होईपर्यंत ते हातात उतरलेलं असतं.

गाड्यांची भीती आहे का?

आहे, पण वेगाची कमी आणि लक्ष नसण्याची जास्त. गाडीतला माणूस कड्यांकडे बघत असतो, फोटोसाठी अचानक वेग कमी करतो, थांब्यावर वळायचं लक्षात आलं की शेवटच्या क्षणी वळतो. थांब्याजवळ आलात की समोरची गाडी कुठेही वळेल असं धरून चाला. उभ्या गाडीचं दार उघडू शकतं, हेही ध्यानात ठेवा.

नेवाडाच्या कायद्यानुसार सायकलला ओलांडताना वाहनाने शक्य असेल तर शेजारच्या लेनमध्ये जायचं असतं. ते शक्य नसेल तर किमान तीन फूट अंतर ठेवायचं असतं. बहुतेक चालक ते पाळतात. तुम्ही अगदी डांबराच्या कडेवर चिकटून चालवलीत तर मात्र त्यांना तुम्हाला घासून जाण्याचा मोह होतो. कडेपासून हातभर आत, सरळ रेषेत चालवा. मागे दिव्याची उघडझाप चालू ठेवा, दिवसाही. भडक रंगाचा शर्ट घाला. तांबडा सोडून, कारण इथे तांबड्या पार्श्वभूमीवर तांबडा उठून दिसत नाही.

गर्दी टाळायची तर मधल्या वारी सकाळी जा. शनिवार-रविवारी दहानंतर रस्त्यावर गाड्यांची रांगच असते.

बाहेर पडल्यावरचं महामार्गाचं वळण अवघड आहे म्हणतात ते खरं का?

पूर्ण फेरीत सर्वांत सावध राहायची जागा तीच आहे. सीनिक ड्राइव्ह संपून १५९ वर येताना तुम्हाला प्रवेशद्वाराकडे जाण्यासाठी डावीकडे वळायचं असतं. उजवीकडून वाहतूक चालते त्या देशात डावं वळण म्हणजे रस्ता ओलांडून पलीकडे जाणं. गाड्या इथे महामार्गाच्या वेगाने येतात आणि तुम्ही वीस किलोमीटरनंतर थकलेले असता. पूर्ण थांबा. पाय जमिनीला टेकवा. आधी डावीकडे, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे पाहा. मनात किंतु असेल तर उतरून सायकल हाताने ढकलत ओलांडा.

पलीकडे गेल्यावर रुंद कडपट्टी आहे, तिच्यातून चालवता येतं. स्थानिक सायकलस्वारांचा हा रोजचा रस्ता आहे, त्यामुळे सोबतही मिळते.

कुठे थांबावं? फोटोची ठिकाणं सोडून पाहण्यासारखं काय आहे?

इथे मी जरा लांबण लावणार आहे.

पहिले दोन थांबे कॅलिको टेकड्यांचे. तांबडा, गुलाबी, पिवळसर असा वालुकाश्म. हा खडक सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वी वाळूच्या टेकड्यांचा बनला. तेव्हा इथे आजच्यापेक्षा कितीतरी मोठं वाळवंट होतं. लोहाच्या गंजाने तो तांबडा झाला. सायकल टेकवून एखाद्या शिळेच्या अगदी जवळ जा, नाक लागेल इतकं. बोटाच्या पेरात आठ-दहा मावतील अशा बारीक तिरप्या रेघा दिसतील. एक झुबका डावीकडे उतरतो, वरचा झुबका त्याला छेदून उजवीकडे. वाऱ्याने ज्या उतारावर वाळू टाकली त्या उताराच्या या रेघा आहेत. झुबका बदलला तिथे वारा बदलला किंवा जुनी टेकडी झिजून तिच्यावर नवी चढली. बोटाने हलकेच चाचपलं तर कण हाताला लागतात.

पुढे सँडस्टोन क्वॉरीला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दगडाची खाण होती. तासलेले मोठमोठे चौकोनी ठोकळे अजून तिथे पडून आहेत.

हाय पॉइंटच्या आसपास पोहोचलात की श्वास जागेवर येऊ द्या आणि डोंगरांच्या माथ्याकडे पाहा. वर करडा चुनखडक, खाली तांबडा-पिवळसर वालुकाश्म, मध्ये जवळजवळ कापल्यासारखी सीमा. वरचा करडा थर सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वी समुद्रात साचलेला, म्हणजे खालच्यापेक्षा कितीतरी जुना. जुना थर नव्याच्या वर चढलाय. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूकवचाच्या रेट्याने तो ढकलला गेला आणि तांबड्या खडकावर येऊन बसला. या भ्रंशाला कीस्टोन थ्रस्ट म्हणतात. भूगोलाच्या पुस्तकात ‘खालचा थर जुना, वरचा नवा’ असं आपण शिकतो. तो नियम मोडलेला इतक्या उघडपणे फार थोड्या ठिकाणी दिसतो. आपल्या सह्याद्रीचा काळा बेसाल्ट ज्या लाव्हातून थिजला, त्याचा काळही जवळपास हाच, ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. मला हे दोन्ही एकत्र आठवल्याशिवाय हाय पॉइंटवरून पुढे जाववत नाही. गाडीतून हा थांबा पाच मिनिटांचा असतो. आपण मात्र ती रेघ अख्खा चढ चढताना हळूहळू जवळ येताना पाहिलेली असते.

उतारानंतर विलो स्प्रिंग्जचा फाटा येतो. पाऊण-एक किलोमीटरचा डांबरी रस्ता सहलीच्या जागेपर्यंत जातो. तिथे झाडं आहेत, बसायला जागा आहे. खडकावर रंगाने उमटवलेले हाताचे पंजे आहेत. हा प्रदेश सदर्न पायूट लोकांचा, आणि त्यांच्याही आधीच्या लोकांचा. पंज्यांना हात लावून ‘माझा मावतो का’ असं करू नका. त्वचेचा तेलकटपणा रंग खातो. जवळच्या लॉस्ट क्रीकला पाऊस झालेला असेल तर धबधबा असतो, नसेल तर नुसता ओलावा. मग आइस बॉक्स आणि पाइन क्रीक या घळींचे थांबे. पाइन क्रीकच्या घळीत पाँडेरोसा जातीचे पाइन वृक्ष आहेत, जे एरवी कितीतरी उंचावर वाढतात. अरुंद घळीतल्या सावलीने आणि गारव्याने ते इथे टिकले आहेत.

प्रकाशाचं म्हणाल तर सकाळी पश्चिमेकडचे उंच कडे उजळतात, दुपारनंतर कॅलिको टेकड्या. दोन्ही एकाच फेरीत उत्तम मिळत नाहीत. मी सकाळ निवडतो.

या थांब्यांवरून पायवाटेने सायकल नेता येते का?

नाही. सीनिक ड्राइव्हवरच्या पायवाटा पायी चालणाऱ्यांसाठी आहेत. सायकल थांब्यावर कुलूप लावून ठेवा आणि चालत जा. क्लीट, म्हणजे पॅडलमध्ये अडकणारी खाच, असलेल्या बुटांनी वालुकाश्मावर चढू नका. बूट घसरतो आणि खडकावर ओरखडे पडतात. साधे पॅडल आणि साधे बूट या फेरीला जास्त सोयीचे. मातीतली सायकल चालवायची असेल तर त्यासाठी दक्षिणेकडच्या ब्लू डायमंड गावाच्या बाजूला, कॉटनवूड व्हॅलीत स्वतंत्र वाटांचं जाळं आहे.

कोणती सायकल घ्यावी? भाड्याने मिळते का?

रोड बाइक किंवा हायब्रिड. रस्ता पूर्ण डांबरी आहे, जाड चाकांची गरज नाही. व्हाइट रॉकचा फाटा तेवढा कच्चा आहे, तो सोडून द्या किंवा चालत जा. लास वेगासमध्ये सायकलची चांगली दुकानं आहेत, भाड्यानेही देतात. मार्च-एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये मापाची सायकल शिल्लक राहत नाही, म्हणून आधी उंची कळवून ठरवून ठेवा. मागच्या चाकाला मोठी दातेरी चकती आहे का ते विचारा. चढावर तीच वाचवते.

ई-सायकल चालेल का?

मोटारींना खुल्या असलेल्या या डांबरी रस्त्यावर चालते. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी आणि साठीच्या पुढच्यांनी संकोच न करता घ्यावी. बॅटरीची सगळी मदत पहिल्या आठ किलोमीटरमध्ये संपवू नका, एवढंच.

पंक्चरचं काय?

सराटे तुम्हाला माहीत असतील. आपल्याकडे माळावर, बांधावर, पायवाटेच्या कडेला पसरणारं ते गोखरूचं झुडूप. तीच वनस्पती अमेरिकेच्या या कोरड्या भागातही पसरली आहे आणि सायकलवाल्यांची इथली मोठी डोकेदुखी तीच. काटा कसाही पडला तरी एक टोक वर राहतं. टायरमध्ये घुसल्यावर बाहेरून पिवळसर खड्यासारखा दिसतो. उपटला की लगेच सूं आवाज येतो. म्हणून सायकल रस्त्यावरून उतरवून कडेच्या मातीत ढकलत नेऊ नका, उचलून न्या. दोन ट्यूब, टायर काढायचे लिव्हर, हातपंप आणि ठिगळाची डबी सोबत पाहिजेच. नवी ट्यूब घालण्याआधी टायर आतून बोटाने अलगद चाचपा. मोडलेलं काट्याचं टोक आतच राहिलं असेल तर दुसरी ट्यूबही जाते.

मोबाइलला रेंज असते का? अडचण आली तर?

बऱ्याच भागात नसते. नकाशा आधी उतरवून घ्या. निघताना कुणाला तरी परतीची वेळ सांगून ठेवा. एकेरी रस्ता असल्याचा एक फायदा आहे : मागून कुणी ना कुणी येतंच. उजव्या कडेला सुरक्षित थांबून हात हलवलात तर गाडीवाले थांबतात, सायकलवाले तर नक्कीच. रेंज मिळाली तर ९११ हा आणीबाणीचा क्रमांक.

प्राणी दिसतात का? त्यांचा त्रास होतो का?

रानटी गाढवं दिसण्याची शक्यता चांगली, विशेषतः १५९ वर ब्लू डायमंडच्या दिशेने. खाणी शोधत फिरणाऱ्यांनी आणलेल्या गाढवांची ही वंशावळ. १९७१ च्या केंद्रीय कायद्याने त्यांना संरक्षण आहे. दिसायला गरीब, पण लाथ आणि चावा दोन्ही जोरात. खायला घालण्यास बंदी आहे, आणि तिचं कारण रस्त्यावरच दिसतं : खाऊच्या आशेने ती गाड्यांजवळ येतात आणि गाड्यांखाली मरतात. चिक्कीचा तुकडासुद्धा देऊ नका.

कड्यांवर नीट पाहिलंत तर बिगहॉर्न मेंढ्या दिसतात. रंग खडकात मिसळतो, हालचाल झाली तरच कळतं. वाळवंटी कासव दिसलं तर भाग्य समजा. ते संकटग्रस्त आहे, उचलू नका. घाबरलं की ते साठवलेलं पाणी मूत्रावाटे सोडून देतं आणि पुढे पाण्यावाचून मरू शकतं. रॅटलस्नेक हे विषारी साप असतात. दगडाच्या फटीत हात घालू नका, डांबरावर ऊन खात पडलेला दिसला तर लांबून जा.

लहान मुलांना न्यावं का?

स्वतंत्र सायकलवर, बारा वर्षांच्या आतल्यांना नको. चढापेक्षा गाड्या आणि शेवटचा महामार्ग हे कारण. मुलांसाठी लेक मीड या जलाशयाजवळची हिस्टॉरिक रेलरोड ट्रेल फार छान आहे. हूवर धरणाच्या बांधकामासाठी टाकलेल्या रेल्वेची ती जुनी वाट, जवळपास सपाट, गाड्या नाहीत, आणि मध्ये पाच मोठे बोगदे. डांबर नाही, पण घट्ट जमीन आहे. मुलं बोगद्यात ओरडून प्रतिध्वनी ऐकतात आणि परत जायला तयार होत नाहीत.

हॉटेलपासूनच सायकलने जावं का?

स्ट्रिपवरून निघालात तर जाता-येता ५४ किलोमीटर आणखी, त्यात शहरातली सिग्नलची वर्दळ, आणि हाय पॉइंटपर्यंतचा एकूण चढ ८०० मीटरच्या पुढे. दमदार माणसाला जमेल, पण पहिल्या वेळी मी सुचवणार नाही. गाडीने समरलिन या पश्चिमेकडच्या उपनगरापर्यंत या आणि तिथून चार्ल्स्टन बुलेव्हार्ड धरा. तोच पुढे १५९ होतो. जाताना हलका चढ, येताना उतार, आणि बहुतेक दिवशी पाठीवर वारा.

एका दिवसाची जास्त सवड आहे. असाच आणखी कुठला रस्ता?

ईशान्येला तासाभराच्या अंतरावर व्हॅली ऑफ फायर हे राज्य उद्यान आहे. खडक तोच, रंग आणखी भडक, सावली त्याहून कमी. रस्ता एकेरी नाही. डांबरी फेरीच हवी, गाड्याही नकोत, असं असेल तर हेंडरसन आणि लेक मीडच्या बाजूची रिव्हर माउंटन्स लूप ट्रेल : ३४ मैल, म्हणजे सुमारे ५५ किलोमीटर, चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी. तिच्यावर काही चढ असे आहेत की हाय पॉइंट सोपा वाटावा.

आणि आणखी लांब जायचं नसेल तर रेड रॉकलाच परत जा, पण या वेळी फेरी संपल्यावर डावीकडे न वळता १५९ वर उजवीकडे, ब्लू डायमंड गावाकडे. वाटेत स्प्रिंग माउंटन रँच हे छोटं राज्य उद्यान लागतं. एकेकाळी ही जागा अब्जाधीश उद्योगपती हॉवर्ड ह्यूजच्या मालकीची होती. हिरवळ आहे, मोठी झाडं आहेत, डबा खायला सावली आहे. परतीच्या चढासाठी बाटल्या भरूनच निघा.